दोन सीटांची बेरीज

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एके काळी एकशे पंधरा किलोचे होते. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण दवाखान्यात पेशंटची वजनं घ्यायचं काम माझ्याकडे आहे आणि दाजींचं वजनही मीच घेतलेलं आहे. काट्यावर चढताना भलीभली माणसं लबाड होतात. कुणी चपला काढतं, कुणी खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवतं, कुणी श्वास रोखून धरतं. दाजी चष्मा काढायचे. मग आकडा दिसत नाही म्हणून मलाच वाचायला लावायचे, आणि मी वाचला की म्हणायचे, "धाकटे, तुझा काटा बिघडलाय."

त्यांची बेकरी आहे. पुढे काउंटरवर ताई, मागे भट्टीपाशी दाजी आणि मध्ये एक पडदा. मागच्या खोलीला खिडकी नाही. भिंतीत वरच्या बाजूला पंख्यासाठी एक गोल भोक आहे, बाहेरचा उजेड येतो तो तेवढाच. दाजी उजाडायच्या आत त्या खोलीत शिरतात आणि दुपारी डोळे मिचकावत बाहेर येतात. त्यांच्या पोटावरून गिऱ्हाइकं थट्टा करायची, पण बेकरीवालाच काटकुळा असला तर त्याच्या मालावर कोण विश्वास ठेवणार, असं ताई म्हणायची. शिवाय प्रत्येक घाणा चाखून बघावा लागतो. तीस वर्षं माणूस दिवसभर चाखत राहिला तर आणखी काय होणार?

शहराबाहेर एक छोटी धावपट्टी आहे. तिथे हौशी लोकांचा क्लब आहे आणि क्लबच्या कँटीनला रविवारी आमच्याकडचा पाव जातो. पाव टाकून यायला असा कितीसा वेळ लागतो? पण दाजी रविवारी सकाळी गाडी घेऊन निघायचे ते जेवायला घरी यायचे, तेही अर्धवट ऐकत, अर्धवट हसत. ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका रविवारी तिने मला सांगितलं, "तू जा त्यांच्याबरोबर. तिथे असं काय ठेवलंय ते बघून ये." मी हेरगिरीला निघाले.

तिथे ठेवलं होतं ते एवढंच: पत्र्याची एक मोठी शेड, गवतातून गेलेली एक डांबरी पट्टी, आणि दोन सीटांची चिमुकली विमानं. खरं सांगते, जवळून बघितल्यावर मला हसू आलं. एका माणसाने शेपटीला धरून विमान वळवलं आणि दोघांनी ते ढकलत बाहेर आणलं. आत दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसणार, मागे एखादी पिशवी ठेवण्यापुरती जागा. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त मास्तर, एक नळदुरुस्तीवाला अशी मंडळी आळीपाळीने त्यात बसायची, वर जायची, गावाबाहेरच्या तळ्यावरून एक फेरी मारायची आणि निघाली होती तिथेच परत उतरायची.

"निघायचं इथून आणि यायचं इथेच," मी दाजींना म्हटलं. "मग एवढा खटाटोप कशाला?"

दाजी कँटीनच्या पायरीवर बसले होते. विमान वर चाललं होतं आणि त्यांची हनुवटी त्याच्याबरोबर हळूहळू वर होत होती. ते दिसेनासं झालं तेव्हाच त्यांनी मान खाली केली.

"मोठ्या विमानात मी एकदा बसलोय," मग ते म्हणाले. "मधली सीट. दोन्ही बाजूंना घोरणारी माणसं. ती बस होती, जरा लवकर पोचणारी. ह्यांना कुठे पोचायचंच नसतं. धाकटे, मी जन्मात एकही गोष्ट अशी केली नाही जी कशासाठी तरी नव्हती. मला एकदा नुसतं वर जायचंय. मला फार वाटतं गं तसं."

मी थट्टा करणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं. पन्नाशी उलटलेला माणूस, हाताला पीठ लागलेलं, आणि डोळे असे की मला दुसरीकडे बघावं लागलं.

त्याच दिवशी त्यांनी धीर करून क्लबच्या शिकवणाऱ्याला विचारलं. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि माणूसही काही लहानसहान नव्हता. क्लबमध्ये शिकवणारे ते एकटेच. त्यांनी दाजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शेडच्या दाराशी ठेवलेल्या काट्याकडे बोट केलं.

त्या क्लबची एक रीत आहे. वर जाणाऱ्याने आधी काट्यावर उभं राहायचं, अंगावरच्या कपड्यांसकट, बुटांसकट. दाजी सवयीने चप्पल काढू लागले तर कप्तान म्हणाले, "राहू द्या. विमानाला त्यासुद्धा उचलायच्या आहेत." मग भिंतीवरच्या फळ्यावर दोघांची वजनं खडूने लिहायची, बेरीज मांडायची, आणि उतरल्यावर पुसायची. विमान हलकं, त्याची ताकद मोजकी. दोन माणसं मिळून एकशे ऐंशी किलो, त्याच्या वर छटाकभरही नाही. दाजींचे एकशे पंधरा फळ्यावर चढले. खाली कप्तानांनी स्वतःचे ब्याण्णव लिहिले आणि बेरीज न करताच खडू ठेवून दिला.

"दुसरा कुणी शिकवणारा?" दाजींनी विचारलं.

"इथे तरी नाही. आणि मी काही अर्धा येऊ शकत नाही," कप्तान म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता, दाजींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "बेकरीवाले, तुम्ही थोडे कमी व्हा. मी कुठे जात नाही."

घरी येऊन मी ताईला अहवाल दिला. ताई म्हणाली, "बाई नाही ना? मग उडू देत." पण दुसऱ्या दिवसापासून दाजींनी चाखणं बंद केलं आणि ताईचा तो उदार स्वभाव आठवड्याभरात आटला.

चाखल्याशिवाय भाजणारा बेकरीवाला म्हणजे काय, ते आमच्या गल्लीने भोगलं. एका दिवशी पावात मीठच नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट. गिऱ्हाइकं ताईला बोलायची, ताई पडद्याआड जाऊन दाजींना बोलायची, आणि दाजी मुकाट्याने काकडी खात उभे असायचे. शेवटी तिने चाखायचं काम स्वतःकडे घेतलं. तिची गंमत अशी की तिने कितीही खाल्लं तरी ती वाळक्या काडीसारखीच राहते. दर सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी दाजी माझ्या काट्यावर यायचे. आता चष्मा लावूनच चढायचे, आकडा त्यांना स्वतःला वाचायचा असायचा. तो एखाद्या आठवड्यात हललाच नाही तर दिवसभर त्यांच्या तोंडावरची माशी हलत नसे.

रविवारी मात्र ते पहिल्यासारखेच जायचे. फरक एवढाच, की आता पावाबरोबर एक डबा असायचा. मोकळ्या हाताने जाऊन नुसतं बघत बसायची त्यांना लाज वाटायची. त्या डब्यात लोण्याची बिस्किटं, बदामाचे केक, साखरेत घोळवलेले बन. ते सगळं ते इतक्या मायेने करायचे की विचारू नका. जे स्वतःच्या तोंडात घालायचं नव्हतं, ते त्या डब्यात उतरायचं. विमान धुवायला, ढकलायला, त्याच्या नाकावरच्या पंख्याला चिकटलेली चिलटं पुसायला ते मदत करायचे, आणि कप्तान शेडच्या सावलीत बसून डबा उघडायचे. "बेकरीवाले, हे काय आहे हो, हे पाप आहे," म्हणायचे आणि आणखी एक उचलायचे. दातांचे डॉक्टर साखरेला हात लावत नसत. मास्तरांना पथ्य होतं. उरले कोण?

मीही हळूहळू त्यांच्याबरोबर जायला लागले. हेरगिरी केव्हाच संपली होती. पाव पोचवायचा, पायरीवर बसायचं आणि वर बघायचं. एकदा डॉक्टर उतरून आले आणि हेल्मेट काढत म्हणाले, "आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघतो. आज मान वर केली." नळवाला कधी काही बोलत नसे. तो उतरला की विमानाच्या पत्र्यावर दोनदा थोपटायचा आणि घरी जायचा. दाजी त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, "काय दिसलं?" कुणी म्हणायचं तळं, कुणी म्हणायचं ढगांची सावली शेतांवरून सरकताना. दाजी ते घरी येऊन आम्हाला सांगायचे, जणू स्वतःच बघून आलेत. ताई पोळ्या लाटत हुं हुं करायची.

असं वर्षभर चाललं, आणि एका सोमवारी माझ्या काट्यावर दाजींचे अठ्ठ्याऐंशी भरले. अठ्ठ्याऐंशी आणि ब्याण्णव. बेरीज माझ्या आधी त्यांच्या डोक्यात झाली. ते काट्यावरून उतरलेच नाहीत. पेशंट खोळंबले होते, आणि हा माणूस रुमालाने डोळे पुसत काट्यावर उभा.

त्या रविवारी आम्ही सगळे गेलो. ताईने पहिल्यांदाच दुकान बंद ठेवलं. आकाश स्वच्छ होतं, वारा असून नसल्यासारखा. विमान बाहेर काढलेलं, पेट्रोल भरलेलं. दाजी काट्यावर चढले, बुटांसकट. काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कप्तानांनी फळ्यावर अठ्ठ्याऐंशी लिहिले, खाली नेहमीसारखे आपले ब्याण्णव लिहिले, बेरीज केली, एकशे ऐंशी, आणि खडू झटकून म्हणाले, "चला."

दाजी हलले नाहीत. ते कप्तानांच्या शर्टाकडे बघत होते. पोटावरची दोन बटणं जिवावर उदार होऊन तग धरून होती. ती मलाही दिसली. तिथे सगळ्यांनाच दिसत होती, पण कुणालाच बघायची नव्हती. मी मनात म्हटलं, दाजी, गप्प बसा. अख्खं वर्ष गेलंय. दोन-चार किलोंनी काय आभाळ कोसळणार आहे?

"कप्तान," दाजी म्हणाले. आवाज अगदी खाली. "तुम्हीही उभे राहा ना."

"मी? माझं मला पाठ आहे."

"त्या डब्यात काय काय घातलंय ते मला पाठ आहे," दाजी म्हणाले.

कप्तान हसत काट्यावर चढले आणि त्यांचं हसू तिथेच विरलं. एकशे एक. ह्या माणसाने वर्षभर सगळ्यांना बुटांसकट मोजलं आणि स्वतःचा आकडा मात्र काट्याला न विचारता लिहीत राहिला. आणि दाजींनी वर्षभर उपाशी राहून जे अंगावरून उतरवलं, त्यातलं बरंचसं आपल्याच हाताने डब्यात भरून त्यांच्या अंगावर चढवलं. आपल्याच पायावर असा लोण्याचा धोंडा पाडून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आधी डॉक्टरांना हसू फुटलं, मग मास्तरांना. दाजीही हसले. त्यांच्या हसण्याकडे ताईने बघितलं आणि ती एकदम गंभीर झाली.

कप्तानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळा पुसून ते ताईकडे वळले. "वहिनी, विमान तयार आहे. तुम्ही तरी चला. तुमचं वजन ते काय."

"मी? मी कशाला? मला नको," ताई म्हणाली.

"जा," दाजी म्हणाले. "अगं जा ना. मला येऊन सांग."

ताई पन्नास किलोसुद्धा भरली नाही. पर्स कुठे ठेवू, म्हणत म्हणत ती चढली, पट्टे आवळले गेले, आणि बघता बघता विमान पट्टीवरून पळालं आणि उचललं गेलं. दाजी उन्हात उभे राहिले. मी त्यांना सावलीत चला म्हटलं तर त्यांनी ऐकलंही नाही. तळ्याच्या दिशेला तो ठिपका गेला, वळला, उन्हात एकदा चमकला. "आता तिला सगळं दिसत असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला राग नाही आला, धाकटे. पण इतकं वाईट वाटतंय, की कुठे ठेवू ते कळत नाही." मी त्यांचा हात धरला. मेव्हणीने दाजींचा हात धरायचा नसतो म्हणे, पण मी धरला.

ताई उतरली. दाजी धावत गेले आणि सगळ्यांना विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

ताईच्या केसांचा पार विस्कटलेला अंबाडा, डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं. ती बोलणार होती, मी बघितलं. मग तिने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "नुसता आवाज. पोटात ढवळलं माझ्या. तुम्ही उगाच जीव टाकताय त्याच्यावर."

दाजींनी मान हलवली. आम्ही घरी निघालो. ताई, जी सिग्नललाही दाजींना गाडी शिकवते, ती खिडकीबाहेर बघत बसली होती. संध्याकाळी तिने भांडी घासली आणि तीच भांडी पुन्हा घासली. मी विचारलं, "ताई, खरंच काही नव्हतं?" ती म्हणाली, "तू तुझं काम कर."

पुढच्या रविवारी डबा गेला नाही. त्याऐवजी ताईनेच कप्तानांना निरोप पाठवला, की सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात यायचं. आले बिचारे. काट्यावर आधी दाजी, मग कप्तान, आणि दोघांच्या मागे कमरेवर हात ठेवून ताई. कप्तानांची काकडीशी ओळख तिनेच करून दिली. आपल्या नवऱ्याच्या उपासावर वर्षभर करवादलेली ही बाई परक्या माणसाच्या जेवणावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. दाजींना वाटलं, ती त्यांच्यावर दया करते आहे. मला तसं वाटत नव्हतं. दुपारी दुकानात गर्दी नसली की ती दाराशी येऊन उभी राहायची आणि छपरांच्या वर बघायची. विचारलं तर म्हणायची, कपडे वाळले का बघतेय. कपडे मागच्या बाजूला असायचे.

थंडी सरता सरता बेरीज बसली. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले ते काट्याला विचारून, आणि एकशे ऐंशीत दोन किलो उरलेसुद्धा. ह्या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कुणाची हिंमतच झाली नाही. दाजी आत बसले. काचेतून त्यांनी आमच्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं: लग्नात अंतरपाटामागे उभे होते तेव्हाही त्यांचा चेहरा इतका भेदरलेला नव्हता.

विमान गेलं. ताई नेमकी दाजी उभे राहायचे तिथेच उन्हात जाऊन उभी राहिली. तिने कपाळावर आडवा हात धरला.  विमान परत आलं, पट्टीला टेकलं, एकदा उडी मारल्यासारखं झालं आणि शेडपाशी येऊन थांबलं. पंखा थांबला तरी दाजी पट्टे सोडेनात. ताई दारापाशी गेली.

"तू मला खोटं सांगितलंस," दाजी म्हणाले.

"हो."

"असं होतं, आणि तू म्हणालीस काही नाही."

"तुम्ही खाली होतात," ताई म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "मी तरी कुठे नीट बघितलं? वर गेल्या गेल्या ते तळं दिसलं आणि मी वळून म्हणाले, अहो, ते बघा. बाजूला कप्तान. मग मला काही गोडच लागेना."

कप्तान पलीकडच्या बाजूने उतरत होते, ते थबकले. "हे पण सारखं 'अगं, ते बघ' करत होते," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच म्हणतायत. मी आपलं बघत होतो."

दाजी हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. "कप्तान, ह्या सीटवर हिला घेऊन मला स्वतःला जायचं असेल तर?"

"तुम्हा दोघांची बेरीज तर पहिल्या दिवसापासून बसत होती," कप्तान म्हणाले. "अडलंय ते एवढंच, की चालवायला दोघांपैकी एकाला यायला हवं. नुसतं रविवारी आलात, त्यात वारा-पाऊस धरला, तर परवान्याला तीन वर्षं. आणि वजन असंच ठेवावं लागेल."

तीन वर्षं ऐकून दाजींची मान खाली गेली. ते मनात वयाचा हिशोब करत असावेत. शनिवार म्हणजे आमच्या दुकानाचा सगळ्यांत गर्दीचा दिवस. शनिवारी ताईने आजवर घरात कुणाला आजारीसुद्धा पडू दिलेलं नाही. तिने पदराने डोळे पुसले, दाजींचे पट्टे सोडवायला आत वाकली आणि नेहमीच्या खेकसणाऱ्या आवाजात म्हणाली, "शनिवारीपण येत जा. भट्टीचं मी बघते."